डोंगरवाडीचे अंगण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पन्नास वर्षे एखादी संस्था चालविणे ही सामान्य गोष्ट नाही. दवाखाना, वाचनालय, शिष्यवृत्त्या, दुष्काळातील चारा-छावण्या या सर्व कार्याचा वृत्तांत आताच आपण ऐकला. मी पेशाने बालशिक्षिका असल्यामुळे मला आपण जे निमंत्रणपत्र पाठविले त्यात एक विशेष उल्लेख होता. सुवर्णमहोत्सवी निधीतून डोंगराळ भागातील लहान मुलांसाठी घाटाच्या पायथ्याशी एक सुसज्ज बालमंदिर उभारावे, वरच्या वाड्यांतील मुलांना तेथे आणण्यासाठी वाहनाची सोय करावी, शुल्क नाममात्र ठेवावे, असा विचार चालू आहे आणि त्यावर मी माझे मत मांडावे, असे आपण कळविले. हेतू इतका निर्मळ आहे की त्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. तरीही मला विचारले आहे, तेव्हा स्पष्ट बोलणे माझे कर्तव्य आहे. हे बालमंदिर बांधू नये, असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगण्यासाठी मला आपणांस प्रथम थोडे मागे, ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी आणि तेथून कोसबाडच्या टेकडीवर न्यावे लागेल. (तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.)

श्रीमती ताराबाई मोडक यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. १८९२ साली त्यांचा जन्म झाला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, त्यातही त्या अग्रभागी होत्या. मादाम माँटेसरी यांच्या पद्धतीचा भारतीय परिस्थितीला साजेल असा अवलंब कसा करावा, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. परंतु शहरातील बालमंदिरे पाहून त्यांच्या मनाला एक बोचणी लागली होती. ही बालमंदिरे कोणाची? तर ज्यांच्या घरी खेळणी आहेत, ज्यांचे आईवडील शिकलेले आहेत, त्यांचीच. माँटेसरींचे प्रारंभीचे कार्य रोम शहरातील गरीब वस्तीत झाले होते आणि आपल्याकडे मात्र ती पद्धती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात येऊन बसली होती.

१९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. त्याच वर्षी अनुताई वाघ पुण्याच्या शाळेतील नोकरी सोडून त्यांच्याकडे आल्या. अनुताईंचे चरित्र आपल्या भगिनींनी अवश्य वाचावे. बालपणी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, त्यानंतर शिक्षण आणि पुढे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांसाठी. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथनपर पुस्तक मराठीत उपलब्ध आहे. १९४५ हेच वर्ष त्या परिसरात गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केलेल्या उठावाचेही आहे. मुलांच्या शाळेचा विचार करताना त्यांचे आईवडील कोणत्या स्थितीत जगत होते, हे विसरून चालत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

बोर्डीला प्रथम काय घडले? गावात बालवाडी निघाली, परंतु ज्यांच्यासाठी ती मुख्यतः काढली ती मुले येईनात. दलित वस्तीतील आणि गावाबाहेरील पाड्यांतील मुले घरीच राहिली. कोणी अंतर सांगितले, कोणी कपडे नाहीत म्हणून सांगितले, कोणी काहीच सांगितले नाही. आपल्यासारखी एखादी संस्था असती तर ‘या लोकांना शिक्षणाची गोडी नाही’ असा शेरा मारून मोकळी झाली असती. ताराबाईंनी तसे केले नाही. मुले येत नाहीत तर आपण जाऊ, असे म्हणून त्यांनी बालवाडी वस्तीत नेली. कोणाचे तरी अंगण, एखादे झाड, एवढ्या जागेवर वर्ग भरू लागला. आधी हातपाय धुणे, केस विंचरणे, नखे काढणे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. आया कामे करता करता दारातून पाहू लागल्या. हीच अंगणवाडी. ताराबाईंनी बालवाडीचे दोन प्रकार मानले. एका ठिकाणी भरणारी ती केंद्रवर्ती बालवाडी आणि मुलांच्या दारात जाणारी ती अंगण बालवाडी. आपण योजिलेले बालमंदिर कितीही सुंदर झाले तरी ते पहिल्या प्रकारचे आहे, हे कृपया ध्यानात घ्यावे.

पुढे काही वर्षांनी हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे अडचणी अधिकच वाढल्या. वारली मुले गुरे राखावयास जात, तेव्हा शाळाच कुरणात गेली आणि तिला ‘कुरणशाळा’ असे नाव पडले. मोठी बहीण धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी घरी राही, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडण्याचा प्रयोग झाला, त्याला ‘विकासवाडी’ म्हणत. ज्या कारणाने मूल येत नाही, ते कारण शाळेनेच पत्करावे, अशी ही रीत होती.

आणि साधने? माँटेसरींचा मनोरा, दट्ट्यांच्या पेट्या ही सामग्री तेव्हाही महाग होती आणि आजही महागच आहे. तिची जागा शंखशिंपले, बिया, पाने, फुले, दगडगोटे, माती, बांबू आणि काड्या यांनी घेतली. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘पैसे नव्हते म्हणून दगडगोटे घेतले’ असे पुष्कळ लोक समजतात. तसे नव्हते. लहानमोठे, जडहलके, खरखरीत-गुळगुळीत हा जो इंद्रियशिक्षणाचा क्रम आहे, तो ज्याने समजून घेतला आहे त्यालाच बियांतून ते साधन घडविता येते. ज्याने तो समजून घेतलेला नाही त्याच्या हाती बिया या केवळ बियाच राहतात. साधने स्वस्त झाली ती शिक्षिका जाणती होती म्हणून. आपण डोंगरात स्वस्त बालशिक्षण नेऊ इच्छितो, तेव्हा काटकसर कोठे करावयाची आणि कोठे करावयाची नाही, याचे उत्तर येथे आहे.

ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले ‘अंगणवाडी’. आज हा शब्द भारतभर रूढ आहे. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत सांभाळले.

आपण म्हणाल, शासनाने अंगणवाड्या काढल्या आहेत, मग आपण आणखी काय करावयाचे? प्रश्न योग्य आहे. मी गेली पंचवीस वर्षे अकोले तालुक्यातील वाड्यांतून बालवाडीताईंच्या प्रशिक्षणाचे काम करीत आहे. आपल्यापैकी अनेकांचे राजूरच्या बाजाराशी जुने संबंध आहेत. कळसूबाईच्या पायथ्यापासून रतनवाडी, घाटघरपर्यंतचा तो सारा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. तेथील हिरडा आणि तांदूळ पिढ्यानपिढ्या आपल्या समाजाच्या दुकानांतून गेला आहे. म्हणजे डोंगराशी आपले देणेघेणे आजचे नाही.

त्या मुलखात गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. एका ग्रामपंचायतीत सात-आठ वाड्या, कोणती ओढ्यापलीकडे, कोणती कड्याखाली. अंगणवाडीसाठी शासनाचे निकष लोकसंख्येवर बेतलेले आहेत. सपाटीवर ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, आदिवासी व डोंगराळ भागात ३०० ते ८०० मागे एक आणि १५० ते ३०० वस्तीसाठी मिनी अंगणवाडी, असा हिशेब आखण्यात आला. अलीकडे मिनी अंगणवाड्यांना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा देण्याचे काम झाले आहे, हे चांगलेच झाले. परंतु वीस घरांच्या वाडीची लोकसंख्या दीडशेपर्यंत पोहोचत नाही. तिची मुले कागदोपत्री शेजारच्या मोठ्या वाडीच्या अंगणवाडीत दाखल असतात. जून ते सप्टेंबर या काळात मध्ये ओढा असतो. घाटघरच्या बाजूचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगावयास नको की, तीन वर्षांचे मूल त्या पावसात अर्धा मैलही चालू शकत नाही, आणि आवणीच्या दिवसांत त्याला उचलून नेणारे घरी कोणी नसते.

सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिलेल्या आदेशात एक महत्त्वाची तरतूद आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीला मागणी करून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळण्याचा हक्क आहे. ही गोष्ट वाड्यांतील लोकांना बहुधा माहीत नसते. मुलांची यादी करणे, ग्रामसभेचा ठराव घेणे, अर्ज करणे, त्याचा पाठपुरावा करणे, एवढे साहाय्य आपल्या ट्रस्टमधील निवृत्त मंडळींनी केले तरी काही वाड्यांचे काम पैशाविना होईल. आपल्यात निवृत्त बँक अधिकारी आहेत, वकील आहेत, सनदी लेखापाल तर प्रत्येक घरात आहेत! परंतु चाळीस मुले जेथे भरत नाहीत, पंधरा-वीसच आहेत, तेथे हा हक्कही पोहोचत नाही. ट्रस्टचा निधी नेमका तेथे जावा, असे माझे निवेदन आहे.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. प्रारंभीच्या काळात शहरातील एका संस्थेकडून आम्हांला खेळण्यांची मोठी देणगी मिळाली. रंगीत ठोकळे, कोडी, मणी, बाहुल्या. एका वाडीत आम्ही त्यासाठी लोखंडी कपाट दिले, कुलूप दिले आणि सामानाची नोंदवही केली. समारंभ झाला, छायाचित्रे निघाली. पाच-सहा महिन्यांनी मी गेले तेव्हा कपाटाला कुलूप होते आणि आतील ठोकळ्यांवरचे प्लॅस्टिकचे वेष्टनही निघालेले नव्हते. ताईला विचारले, तर ती म्हणाली, “बाई, एक मणी हरवला तरी वहीत कमी पडायचा. मग तो कुठून आणू?” मला त्या वेळी तिचाच राग आला होता. घरी परतताना लक्षात आले की, नोंदवही मी केली होती, कुलूप मी दिले होते, आणि तिला मिळणाऱ्या मानधनापेक्षा त्या कपाटाची किंमत कितीतरी अधिक होती.

त्याच ताईने पुढे जे केले ते सांगण्यासारखे आहे. चैत्र-वैशाखात वाडीत घरोघरी हिरडा वाळत घातलेला असतो. बाळहिरडा वेगळा, मोठा वेगळा. तिने मूठभर हिरडे मागून आणले आणि मुलांपुढे ठेवले. लहान-मोठे निवडणे, पाचापाचांचे ढीग, रांगोळीसारखी नक्षी, डोळे मिटून हाताने ओळखणे. दुसऱ्या दिवशी करवंदाची पाने आली, तिसऱ्या दिवशी नदीतले गोटे. मुलांची बोली तिचीच बोली होती, त्यामुळे पहिले कित्येक आठवडे प्रमाण मराठीचा एक शब्दही न लादता काम चालले. मग हळूहळू दोन्ही शब्द शेजारी शेजारी येऊ लागले. कपाटाला आम्ही कुलूप ठेवले नाही. काही मणी हरवले, ते हरवलेच.

या वाडीत एक सात वर्षांची मुलगी रोज दाराशी उभी राही. कडेवर वर्षाचा भाऊ. आत यावयास सांगितले तर ती मान हलवी, कारण भाऊ रडला तर वर्ग मोडेल असे तिला वाटे. ताईने एक घोंगडी कोपऱ्यात अंथरली आणि भावाला तेथे ठेवावयास सांगितले. एवढीच व्यवस्था. ती मुलगी बालवाडीच्या वयाची नव्हती, तिला शाळेतच जावयास हवे होते, परंतु शाळेची वाट तिच्यासाठी त्या घोंगडीवरून सुरू झाली. पायथ्याच्या बालमंदिरात आपले वाहन तिला घेऊन आले असते काय? ती यादीत नसती. तिचा भाऊही नसता.

आणखी एक अडचण अशी की भाताची कापणी संपली की वाड्या रिकाम्या होऊ लागतात. माणसे नारायणगावच्या मजूरबाजाराकडे, जुन्नर-नाशिककडच्या बागायतीकडे कामाला जातात आणि लहान मुले आईबरोबर जातात. होळीच्या सुमारास परत येतात. इमारत त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. वाडीतीलच एखादी तरुणी, जी स्वतः त्यांच्याबरोबर जाते, तिला मात्र दोन गाणी, दहा गोष्टी आणि एक चटई घेऊन शेताच्या बांधावर मुले बसविता येतात. असे आम्ही दोन हंगाम केले. पूर्ण यश आले असे म्हणणार नाही. एका हंगामात मुकादमाने ताईला मुले सांभाळण्याऐवजी कामावर उभे केले आणि तिचे मानधन आमच्याकडून वेळेवर पोहोचले नव्हते, त्यामुळे तिने ते मान्य केले. दोष तिला देता येत नाही.

म्हणून माझा आग्रह मानधनावर आहे. या देशात लहान मुलांचे काम करणाऱ्या स्त्रीला आपण ‘सेविका’ म्हणतो आणि सेवा म्हटले की वेतनाचा प्रश्न विचारणे आपल्याला प्रशस्त वाटत नाही. केंद्र शासनाने अंगणवाडी सेविकांच्या मानधनातील आपला वाटा २०१८ साली दरमहा ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केला. राज्ये त्यात आपली भर घालतात. त्या सेविकांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे हे मान्य होण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. पोषण आहार, लसीकरण, वजनांच्या नोंदी, नाना प्रकारची सर्वेक्षणे हे सर्व तिनेच करावयाचे आणि उरलेल्या वेळात शिकवावयाचे. खासगी संस्था तर याहूनही कमी देतात आणि वर अहवालात तिच्या त्यागाचे वर्णन करतात. आमच्या संस्थेनेही काही वर्षे हेच केले, हे मी येथे कबूल करते.

कर्मवीर भाऊराव पाटील हे आपल्या समाजाचे भूषण. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, ही हकीकत आपल्या घरोघरी सांगितली जाते. त्या सोन्यातून भिंती उभ्या राहिल्या नाहीत. ते मुलांच्या भाकरीत गेले. आज आपल्या निधीचे काय करावे, याचा विचार करताना मला ती हकीकत वारंवार आठवते.

व्यवहाराच्या भाषेत माझी सूचना अशी. बांधकामासाठी योजिलेली रक्कम मोडू नये, ती ठेव म्हणून ठेवावी. तिच्या व्याजातून जेवढ्या वाड्यांतील ताईंना सन्मान्य मानधन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस आणि न चुकता देता येईल, तेवढ्याच वाड्या घ्याव्यात, मग त्या चार असोत की सहा. पहिल्या वर्षी पंधरा वाड्या घेऊन तिसऱ्या वर्षी बंद करणे हे मुळीच सुरू न करण्याहून वाईट आहे. ताई त्या वाडीतीलच असावी. ती दहावी नापास असली तरी चालेल. तिला आरंभी सलग प्रशिक्षण आणि पुढे दर महिन्याला दोन दिवस एकत्र बसण्याची सोय असावी. जागेसाठी वाडीने एखादी पडवी द्यावी, पावसाळ्यापुरता तिच्यावर पत्रा आपण घालावा. पालकांनी काही तरी द्यावे, पैसा नको, मूठभर तांदूळ, सरपण, पाणी भरणे, जे जमेल ते. फुकट मिळाले तर किंमत राहत नाही, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु ज्या वाडीने पडवी दिली ती वाडी मुले आली की नाही याची चौकशी करते, एवढे मी पाहिले आहे. मूल सहा वर्षांचे झाले की त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन बसविण्याची जबाबदारीही ताईचीच असावी आणि त्या दिवशी तिच्याबरोबर आपल्यापैकी कोणी तरी असावे.

येथे एक शंका उपस्थित होईल, आणि ती सकाळीच एका ज्येष्ठ विश्वस्तांनी माझ्याजवळ बोलून दाखविली. इमारतीवर देणगीदारांची नावे कोरता येतात. पडवीवर काय कोरणार? ही शंका मी हलकी मानत नाही. देणगी देणाऱ्याला आपल्या आईवडिलांचे नाव कोठे तरी राहावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. एका वाडीच्या ताईचे दहा वर्षांचे मानधन एका कुटुंबाने आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ स्वीकारावे आणि वर्षातून एकदा त्या कुटुंबाने तेथे जाऊन मुलांबरोबर दिवस घालवावा, असे मला सुचते. दगडावर नाव राहणार नाही हे खरे. ज्यांना ते आवश्यक वाटते त्यांच्यासाठी या सभागृहातील भिंत आहेच, तेथे फलक लावावा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे या वयाला शिक्षणाचा पायाभूत स्तर म्हणून मान्यता दिली आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाची व शिक्षणाची जबाबदारी राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत घातली, परंतु मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मात्र सहा ते चौदा या वयालाच मिळाला. त्यामुळे तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी भांडणारे कोणी तरी अजून काही वर्षे लागणार आहे. ते काम न्यायालयांत आणि मंत्रालयात चालेल. आपल्याला जे करता येण्याजोगे आहे ते रतनवाडीच्या वरच्या अंगाला आहे.

विश्वस्त मंडळाने निर्णय घेण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष वाड्या पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. पावसाळा उघडला की, दिवाळीपूर्वी, माणसे कामाला बाहेर पडण्याच्या आत जावे लागेल. आपल्यापैकी पाच-सहा जण निघाले तर मी बरोबर येईन. गाडी जेथवर जाते तेथून पुढे चालावे लागते, तेव्हा सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची व्यवस्था लक्षात घेऊन सकाळी लवकर निघावे. येताना खेळणी, खाऊ आणि छायाचित्रकार आणू नयेत. ज्या ताईंना भेटायचे आहे त्यांना मी आधी निरोप देऊन ठेवीन.